यंत्र थांबेल याची खातरजमा

कारखान्यातील कन्व्हेयर पट्ट्याजवळ पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगाचे आणीबाणीचे बटण बसवलेले असते आणि ते दाबताच पट्टा थांबावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. त्यासाठी बटणातील संपर्क एरवी जोडलेला ठेवतात, जेणेकरून तार तुटली तरी प्रवाह खंडित होऊन यंत्र आपोआप थांबते. धोका उलट प्रकारच्या बिघाडाचा असतो. बटणाकडे जाणाऱ्या दोन तारांचे आवरण घासून त्या एकमेकींना टेकल्या, तर बटण दाबूनही परिपथ तुटत नाही. मात्र यंत्र रोज सुरळीत चालत असल्यामुळे हा दोष कोणाच्या लक्षात येत नाही आणि तो उघडा पडतो तो नेमका कोणाचा हात पट्ट्यात सापडल्यावर.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे सारे दुहेरी करणे: बटणात दोन संपर्क आणि मोटरच्या मार्गात एकापाठोपाठ दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे विद्युतचुंबकाच्या जोरावर पुरवठा जोडणारे व तोडणारे स्विच. परंतु नुसते दुहेरीकरण फसवे ठरते. पहिल्या कॉन्टॅक्टरमधील चांदीच्या मिश्रधातूच्या टिकल्या ठिणगीच्या उष्णतेने वितळून चिकटल्या, तर दुसरा कॉन्टॅक्टर मोटर थांबवतो खरा, पण त्याच्या चोख कामामुळेच पहिल्याचा बिघाड झाकला जातो आणि यंत्र नकळत पुन्हा एकाच आधारावर चालू लागते.

बटण आणि कॉन्टॅक्टर यांच्यामध्ये बसून दोघांची तपासणी करणाऱ्या सेफ्टी रिलेचे खरे महत्त्व येथे आहे. जर्मनीतील पिल्झ कंपनीने १९८७ मध्ये ‘पीनॉझ’ नावाने बाजारात आणलेल्या या साधनाच्या पारंपरिक रचनेत आतील रिलेचे संपर्क एकमेकांशी यांत्रिकरीत्या जखडलेले असतात. त्यामुळे मुख्य संपर्क चिकटून राहिला, तर त्याच्या जोडीचा, रिले सुटल्यावर मिटणारा तपासणी-संपर्क मिटूच शकत नाही आणि त्याच्या दोन टोकांत किमान अर्धा मिलिमीटर फट राहते. बाहेरच्या कॉन्टॅक्टरचे असेच तपासणी-संपर्क रीसेटच्या मार्गात एकसर जोडलेले असतात. परिणामी एखादा कॉन्टॅक्टर सुटला नसेल, तर रीसेटचे बटण कितीही दाबले तरी यंत्र सुरू होत नाही. बटणाच्या दोन वाहिन्यांपैकी एक धन व दुसरी ऋण बाजूला जोडली, तर त्या एकमेकींना टेकताच पुरवठा शॉर्ट होतो, रिलेतील संरक्षक फ्यूज तो तोडतो आणि यंत्र थांबते. रीसेट होत नसल्याने उत्पादन खोळंबले म्हणून तपासणीच्या मार्गात संपर्काला वळसा देणारी जंपर तार टाकणे, म्हणजे ज्या बिघाडाची वर्दी मिळाली तोच पुन्हा दडवणे होय.

तथापि या तपासणीलाही मर्यादा आहे: संपर्क चिकटला आहे की नाही, हे तो उघडण्याची वेळ आल्याशिवाय रिलेला कळत नाही. शिवाय अनेक संरक्षक दारांचे स्विच एकाच रिलेला एकसर जोडलेले असतील, तर एका दाराच्या स्विचमधील दोष रिलेने पकडला तरी दुसरे निर्दोष दार उघडून मिटल्यावर तो पुसला जाऊ शकतो. यांपैकी पहिल्या मर्यादेमुळेच, दार उघडताच यंत्र थांबवणाऱ्या इंटरलॉकसंबंधीचे आयएसओ १४११९ हे मानक, दार क्वचितच उघडले जात असले तरी, सर्वोच्च सुरक्षा-स्तरासाठी दरमहा आणि त्याखालच्या स्तरासाठी वर्षातून किमान एकदा ते मुद्दाम उघडून चाचणी घेण्यास सांगते.