दंडीच्या गोष्टीत दडलेलं वाशीम

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीच्या माणसाला वाशीम म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण. मंगरुळपीरमार्गे जायचं, कलेक्टर कचेरीतलं काम उरकायचं आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं. हेच वाशीम पाचव्या शतकात वत्सगुल्म या नावानं वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. ती राजसत्ता कशी बुडाली, याची एकुलती एक हकीकत बहुधा एका गोष्टीत दडली आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी कांचीला राहणाऱ्या दंडीच्या ‘दशकुमारचरिता’चा आठवा उच्छ्वास, विश्रुतचरित, ती ही गोष्ट.

विदर्भाचा राजा पुण्यवर्मा मोठा कर्तबगार, पण त्याचा मुलगा अनंतवर्मा नाचगाण्यात रमणारा. म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला राजनीती शिकायला सांगतो, तेव्हा विहारभद्र नावाचा तोंडपुजा दरबारी हसतो. विष्णुगुप्तानं सहा हजार श्लोकांत सांगितलेली दंडनीती शिकता शिकता माणूस म्हातारा होतो, आणि दिवसरात्रीचे आठ-आठ भाग पाडून राज्य करणाऱ्या राजाला झोप तरी कधी मिळायची, असा त्याचा सवाल. इथला संदर्भ उघड आहे. विष्णुगुप्ताच्या, म्हणजेच कौटिल्याच्या, अर्थशास्त्रात राजाची ही दिनचर्या खरोखरच दिली आहे, आणि ती माहीत असलेल्या वाचकाला ही थट्टा दुप्पट रुचते.

मग शेजारच्या अश्मकाचा राजा वसंतभानू डाव टाकतो. त्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित भांडून आल्याचं सोंग घेऊन विदर्भात शिरतो, आणि शिकार, जुगार, मद्य यांचे गुण इतक्या युक्तिवादानं पटवतो की व्यसनं हाच राजधर्म वाटावा. (दंडीचा हात सगळ्यात मोकळा सुटतो तो इथेच.) राज्य पोखरलं गेल्यावर वनवासीच्या भानुवर्म्याला चिथावलं जातं. मदतीला म्हणून कुंतल, मुरल, ऋषिक, कोकण, नाशिक इथले मांडलिक येतात, पण ऐनवेळी फितुरी होते आणि अनंतवर्मा मारला जातो. पुढे लुटीवरून सगळ्यांना आपसात लढवून विदर्भ अश्मकच गिळतो.

नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना ही कल्पित कथा वाटेना. 1939 साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला आणि वत्सगुल्म शाखा नीट उजेडात आली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात याच शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. त्यात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची यादी येते. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखात हरिषेणाचा बाप देवसेन याच्यासाठी शक 380, म्हणजे इ. स. 458, असा पक्का आकडा मिळतो. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचा धनी असलेल्या हरिषेणानंतर मात्र लेख थांबतात. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, असं मिराशींनी मांडलं. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी ही गोष्ट हाताशी धरून अजिंठ्याचं काम 480च्या सुमारास थांबल्याचा हिशेब बसवला.

मला मिराशींचा तर्क पटतो, पण नावांमुळे नव्हे. नावं जुळतच नाहीत. पटतो तो मांडलिकांच्या यादीमुळे. नुसती करमणूक करायची असती तर ‘सामंत फितले’ एवढ्यावर भागलं असतं. नाशिकपासून वनवासीपर्यंतचा नकाशा दंडीनं कशाला मांडला असता? दंडीच्याच ‘अवंतिसुंदरीकथे’त त्याचे पूर्वज अचलपूरला राहत असल्याचा उल्लेख आहे. ते अचलपूर परतवाड्याशेजारचंच, असं मानणारे अभ्यासक आहेत. तसं असेल तर घरात ऐकलेल्या आठवणी कांचीपर्यंत पोहोचल्या असतील.

अडचण वेगळीच आहे. दंडी घटनेनंतर दोनेक शतकांनी लिहीत होता. हरिषेणाच्या मुलाचं नाव कुठल्याच लेखात नाही, म्हणून ते गोष्टीतून घ्यायचं, आणि मग गोष्ट खरी असल्याचा पुरावा म्हणून तेच दाखवायचं, असं होऊ लागतं. स्पिंक यांची वर्षावर्षाची मांडणी अनेकांनी नाकारली, त्यामागे हेही एक कारण.

शिवाय गोष्टीचा उत्तरार्ध आहेच. राणी वसुंधरा मुलांसह माहिष्मतीला जाते. गोष्टीचा नायक विश्रुत हा राजपुत्र भास्करवर्म्याला देवीच्या देवळात लपवतो, देवीचा प्रसाद म्हणून लोकांसमोर बाहेर काढतो आणि त्याचं भाग्य पालटवतो. वाकाटकांच्या वाट्याला असं काही आल्याचा एकही लेख नाही. विदर्भात नंतर सापडतात ती कलचुरी कृष्णराजाची चांदीची नाणी.