संगणकाची निगा : एक सामाईक कर्तव्य

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आज पुस्तकांबरोबर लॅपटॉपही असतो. पुष्कळदा तो काटकसरीने घेतलेला, आधी कोणीतरी वापरलेला असतो. त्याचा पडदा पुसावा, तो पिशवीत जपून ठेवावा, एवढे आपण करतो. मात्र ‘अपडेट उपलब्ध आहे’ ही सूचना आली की ‘नंतर’ म्हणून ती बाजूस सारतो. हे ‘नंतर’ किती महाग पडते, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. ती माणसांनी लिहिलेली असल्याने तिच्यात दोष राहतात. दोष सापडला की कंपनी दुरुस्ती पाठवते, तीच अपडेट. परंतु दुरुस्ती प्रसिद्ध होताच दोष नेमका कोठे होता, हे हल्लेखोरांनाही उमगते. म्हणून त्यानंतरचे दिवस बेसावध संगणकास विशेष धोक्याचे असतात.

याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. नाशिकची द्राक्षे व कांदा न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून परदेशी जातात. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती दिली. १२ मे रोजी त्याच दोषाचा लाभ घेणारा ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. तरीही अनेकांनी दुरुस्ती केली नाही. २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याच्या तडाख्यात या बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. पुढे त्या समूहाला जगभरातील ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

नॉटपेट्याचा प्रथम शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दूषित अपडेटमधून झाला. मग अपडेटच नको, असे कोणी म्हणेल. परंतु आत शिरल्यावर तो पसरला, त्यास दुरुस्ती न केलेले संगणकही कारण ठरले. इतकेच नव्हे, तर हाती लागलेल्या संगणकातील पासवर्ड चोरून तो त्याच नेटवर्कवरील दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरे. एकाचा आळस असा शेजाऱ्यालाही भोवतो. जेथे अनेकजण एकाच नेटवर्कवर काम करतात, त्या संगणक कक्षाने हे विशेष ध्यानी घ्यावे.

निगा अवघड नाही. विंडोजची मासिक दुरुस्ती अमेरिकेतील वेळेनुसार दुसऱ्या मंगळवारी येते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी, चार्जर जोडावा, मग सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ उघडावे. काम चालू असता यंत्र बंद करू नये. संपल्यावर रीस्टार्ट अवश्य करावा, कारण त्याशिवाय अनेक दुरुस्त्या लागूच होत नाहीत. संदेशातून आलेल्या दुव्यावरून अपडेट कदापि घेऊ नये.

जुन्या लॅपटॉपविषयी एक सूचना. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ती अनेक जुन्या यंत्रांत नसते. असे यंत्र टाकून देण्याची घाई नको. त्यावर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली बसविता येते. तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.

दाराची कडी सैल झाली तर आपण ती त्याच दिवशी दुरुस्त करतो, कारण आत केवळ आपण नसतो, सोबतीही झोपलेले असतात. लॅपटॉपच्या बाबतीतही हीच जाणीव आमच्या विद्यार्थ्यांनी बाळगावी, एवढीच आमची अपेक्षा.