घरातील ध्वनिमुद्रणाची खोली

भास्करबुवा बखले यांचे गाणे आज कोणालाही ऐकता येत नाही. १८६९ साली जन्मलेले आणि बडोद्यास फैजमहंमद खाँसाहेबांकडे तालीम घेतलेले हे थोर गायक १९२२ साली निवर्तले. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. तथापि त्यांच्या स्वराची एकही तबकडी मागे राहिली नाही. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांसारख्या शिष्यांच्या गाण्यावरून त्या गायकीचा काय तो अंदाज बांधावयाचा.

आज मुद्रणाचे यंत्र घरोघरी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव किंवा फोंडा येथील एखाद्या घरातील वृद्ध गायकाच्या चिजा, आजीच्या ओव्या, कीर्तनकाराचे निरूपण हे सारे घरबसल्या टिपून ठेवता येते. परंतु पुष्कळदा असे मुद्रण ऐकताना निराशा होते. आवाज विहिरीतून आल्यासारखा भासतो, शब्द एकमेकांत मिसळतात. दोष बहुधा यंत्राचा नसतो, खोलीचा असतो. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकताना आपले दोन कान आणि मेंदू मिळून भिंतींवरून परतणारा नाद बाजूला सारतात. मायक्रोफोनला हा विवेक नाही. गायकाबरोबर तो खोलीही मुद्रित करतो.

या प्रश्नाचा शास्त्रीय उलगडा अमेरिकेत झाला. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह १८९५ साली बांधून तयार झाले, पण तेथे व्याख्यान समजेना. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे ते काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, त्या थोड्या थोड्या मांडाव्यात आणि ऑर्गनच्या नळीचा नाद विरण्यास किती वेळ लागतो ते मोजावे. त्यातून नियम निघाला : खोलीचे घनफळ जितके अधिक तितका नाद लांबतो, शोषण जितके अधिक तितका तो आखूड होतो. शोषणाचे माप म्हणून सॅबाइनने उघडी खिडकी घेतली, कारण खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही.

हा नियम घरच्या खोलीस लावून पाहावा. खोली ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे असे समजू. घनफळ ३० घनमीटर. भिंती, छत व फरशी मिळून ५९ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. पण गिलावा आणि फरशी ध्वनीचा शेकडा तीनच्या आसपास अंशच शोषतात, म्हणजे सारी खोली मिळून पावणेदोन चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतकी. सूत्र सोपे आहे : घनफळास ०.१६ ने गुणावे व शोषणाने भागावे. उत्तर अडीच सेकंदांहून अधिक येते. हेच शोषण १२ चौरस मीटरपर्यंत वाढविले, तर नाद ०.४ सेकंदावर येतो. बोलण्यास एवढे पुरे; गाण्यास किंचित अधिक चालेल.

मात्र सर्व स्वर सारखे शोषले जात नाहीत. सेकंदास १००० कंपने असलेल्या ध्वनीची लहर ३४ सेंटिमीटर असते, १०० कंपनांची जवळजवळ साडेतीन मीटर. पडदा किंवा पातळ फोम यांनी वरचे स्वर मरतात, खालचे तसेच घुमत राहतात आणि आवाज गुदमरल्यासारखा होतो. शिवाय समोरासमोरच्या भिंती काही स्वरांना विशेष उचलून धरतात. अडीच मीटर अंतरासाठी तो स्वर ६९ कंपनांचा येतो. काळी एक पट्टीत जुळवलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाची तार नेमकी याच जागी बोलते! अशा खोलीत खर्ज फुगतो आणि जोडीच्या तारा दबल्यासारख्या वाटतात. तंबोरा कोपऱ्यात वा भिंतीलगत असल्यास हा दोष वाढतो, म्हणून बैठक तेथून पुढे घ्यावी.

उपाय फार खर्चाचा नाही. २ फूट रुंद, ४ फूट लांब व ४ इंच जाड अशा लाकडी चौकटी सुताराकडून करून घ्याव्यात, त्यांत रॉकवूल भरावे आणि फुंकर आरपार जाईल असे विरळ कापड वरून ताणून बसवावे. रॉकवूल हाताळताना नाकातोंडावर फडके बांधावे. चौकट भिंतीपासून चार इंच दूर टांगली की खालच्या स्वरांवरही तिचा थोडाबहुत अंमल चालतो. कोपऱ्यांत ती तिरपी उभी करावी. अशा आठ चौकटींनी सुमारे ६ चौरस मीटर शोषण मिळते. उरलेले काम गादी, सतरंजी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आणि जमलेली माणसे करतात. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविण्याचा प्रघात मात्र निरर्थक आहे. थर्माकोल ध्वनी शोषत नाही, आणि तो व साधा फोम दोन्ही झटकन पेट घेतात.

बाहेरचा गोंगाट अडविणे हे निराळे काम. तेथे मऊपणा कामाचा नाही. वजन आणि हवाबंदपणा हवा. दाराच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाइतकी फट राहिली, तर दार कितीही जड असो, २० डेसिबलांपलीकडे रोध मिळत नाही. म्हणून आधी फटी रबरी पट्टीने बुजवाव्यात. कौलारू घरात पावसाचा आवाज थोपविणे अवघड. तेथे मुद्रण उघडिपीतच करावे. पंखा बंद, शीतकपाट बंद आणि वेळ पहाटेची, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

आणि चौकटी होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या दोरीवर टांगाव्यात, कारण एका बाजूने ऐकणाऱ्या मायक्रोफोनचे तोंड तिकडेच असते. मायक्रोफोन तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, किंचित बाजूस ठेवावा. अंतर निम्मे केले की मूळ आवाज ६ डेसिबलांनी वाढतो आणि खोली तेवढी मागे हटते. आरंभी नाव, गाव व तारीख स्पष्ट उच्चारून घ्यावी आणि मुद्रणाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. भिंतींची डागडुजी पुढच्या वर्षीही होईल. ऐंशीव्या वर्षीचा गळा तोवर थांबेलच असे नाही.