‘पैकी’ आणि संभाव्यतेचा अभ्यासक्रम

पदवीच्या ऑनर्स वर्गात संभाव्यतेचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण कलनशास्त्रात असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा होय. समाकलन चुकल्यास ती चूक पडताळ्यात सापडते. परंतु विधानातील शब्दच भलत्या अर्थाने घेतला गेला, तर पुढील आकडेमोड निर्दोष होऊनही उत्तर चुकते आणि दोष कोठे आहे हे उमगत नाही. या शास्त्राने आपले बरेचसे शब्द लोकव्यवहारातून वा अन्य शास्त्रांतून घेतले, व त्यांना तेथे नसलेला अर्थ दिला.

‘यादृच्छिक’ हा शब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. श्वेताश्वतर उपनिषदात जगत्कारणाचा विचार करताना काल, स्वभाव व नियती यांच्या जोडीने यदृच्छेचाही उल्लेख येतो. पतंजलीने शब्दांचे जे चार प्रकार मानले, त्यांत जाती, गुण वा क्रिया यांपैकी कोणतेही निमित्त नसलेला तो यदृच्छाशब्द. सोस्यूरच्या चिन्हविचारातही शब्द व अर्थ यांत नैसर्गिक संबंध नाही, हे सांगण्यासाठी मराठीत हेच विशेषण योजतात. संख्याशास्त्रात मात्र यादृच्छिक निवड म्हणजे मनास येईल तशी निवड नव्हे. प्रत्येक घटक निवडला जाण्याची संभाव्यता तेथे आधीच निश्चित असावी लागते. म्हणजे स्वैरतेचा लेशही नको. भाषेचा अभ्यासक येथे इतरांपेक्षा लवकर फसतो.

हा भेद पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात स्पष्ट दिसतो. कांदा-बटाटा विभागात गोणीचे तोंड सोडून वरचे चार कांदे पाहणे, ही शितावरून भाताची परीक्षा झाली. म्हण खोटी नाही. पण भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. गोणी कोणीतरी भरलेली असते, आणि चांगला माल वर ठेवण्याची बुद्धी भरणाऱ्यास होणे अशक्य नाही. हाताशी आलेला कांदा म्हणून यादृच्छिक कांदा ठरत नाही.

आता हिशेबासाठी आकडे कल्पिले. १०० गोण्यांपैकी २० डागी आहेत. उरलेल्या ८० चांगल्या गोण्यांपैकी ७६ गोण्यांत वरचा कांदा चांगला निघतो. डागी २० पैकी १२ गोण्यांतही तो चांगलाच निघतो. ‘गोणी डागी असता वरचा कांदा चांगला निघण्याची संभाव्यता’ आणि ‘वरचा कांदा चांगला असता गोणी डागी असण्याची संभाव्यता’ ही दोन विधाने विद्यार्थी सर्रास एक मानतो. ‘असता’ हे रूप दोन घटना जोडते, परंतु मोजणी कोणत्या समूहात करावयाची हे ठळकपणे सांगत नाही. पाठ्यपुस्तकातील उभी रेघही त्याबाबत मुकीच असते. याउलट मराठीतील ‘पैकी’ हे शब्दयोगी अव्यय ज्याला लागते, तोच अपूर्णांकाचा छेद होय. डागी गोण्यांपैकी किती गोण्यांत वरचा कांदा चांगला? २० पैकी १२, म्हणजे ०.६. वरचा कांदा चांगला निघालेल्या गोण्यांपैकी डागी किती? ७६ आणि १२ मिळून ८८. त्यांपैकी १२, म्हणजे सुमारे ०.१४. बेझचा जो सिद्धांत १७६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला आणि ज्याचे सूत्र विद्यार्थी घोकून पाठ करतात, त्याचा गाभा या दोन ‘पैकीं’च्या अदलाबदलीत आहे.

या व्यस्त संभाव्यतेच्या विचाराशी पुण्याचा संबंध जुना आहे. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या अध्यापनाचा पाया घालणारे वसंत शंकर हुजूरबाजार (१९१९–१९९१) हे केंब्रिजमध्ये हॅरोल्ड जेफ्रीज यांचे शिष्य होते, आणि जेफ्रीज हे या विचाराचे विसाव्या शतकातील प्रमुख पुरस्कर्ते. १९६० चे ॲडम्स पारितोषिक हुजूरबाजारांना मिळाले.

मात्र ‘पैकी’ची साथ अभ्यासक्रमाच्या अखेरपर्यंत पुरत नाही. गोणीचे वजन सलग बदलणारी राशी मानली, तर ते नेमके ५० किलो असण्याची संभाव्यता शून्य ठरते. ‘वजन नेमके ५० किलो असता’ हे विधान अर्थपूर्ण राहते, पण ‘अशा गोण्यांपैकी’ म्हणावे तर छेदात शून्य येते. तेथे मोजणी सोडून घनतेकडे वळावे लागते, आणि त्याची काटेकोर मांडणी कोल्मोगोरोव्ह यांच्या १९३३ च्या ग्रंथात मिळते.