खंडेनवमीला चाकाच्या आत पाहावे

देवांच्या साहाय्यासाठी युद्धास गेलेल्या दशरथ राजाच्या रथाची आसाची खीळ ऐन रणात निखळली आणि शेजारी बसलेल्या कैकेयीने तेथे आपले बोट घालून रथ सावरला, ही कथा नवरात्रातील आख्यानात आम्ही आजवर कितीतरी वेळा सांगितली आहे. त्या बोटाच्या मोबदल्यात दोन वर मिळाले आणि त्या दोन वरांतून पुढे वनवास घडला, एवढे श्रोत्यांना पाठ असते. परंतु त्या रथाला ध्वज होता, छत्र होते, घोडे शृंगारलेले होते. मग निघण्यापूर्वी आसाची खीळ कोणी पाहिली होती काय, हा प्रश्न आम्हांला स्वतःला फार उशिरा पडला. तो पडला दिवे घाटात.

आमच्या मंडळाची एक पिकअप गाडी आहे. वर्षभर पेटी, पखवाज, सतरंज्या आणि आषाढात दिंडीचा शिधा व भांडी ती वाहून नेते. काही वर्षांपूर्वी नवरात्र नुकतेच संपले असता सासवडकडील कीर्तन आटोपून आम्ही रात्री पुण्याकडे निघालो. घाटाच्या दुसऱ्या वळणापासून ब्रेक दाबला की पायाखालची पट्टी थरथरू लागली, सुकाणूचे चक्र हातात कापू लागले, आणि जळक्या वासाने आम्ही नाकाला उपरणे लावले. आमचा चालक तरुण, पण वृत्तीने शांत. त्याने बडबड न करता गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली, वाट रुंद होती तेथे कडेला उभी केली आणि म्हणाला, "बुवा, आता अर्धा तास नामस्मरण करू. चाके निवू द्यात." समोर दरीच्या तळाशी पुण्याचे दिवे लुकलुकत होते. पुढे वडकीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत आमच्या तोंडून नामाखेरीज दुसरे अक्षर निघाले नाही.

याच घाटात १९ नोव्हेंबर २०१९ रोजी, कार्तिकी वारीसाठी पंढरपुराहून आळंदीस निघालेल्या श्रीनामदेवरायांच्या दिंडीत ब्रेक निकामी झालेले एक जेसीबी यंत्र शिरले आणि नामदेवरायांच्या वंशातील एका महाराजांसह दोघांनी देह ठेवला, हे वारकरी विसरलेले नाहीत. पुणे-बंगळूर महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतारही पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तेथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. तेव्हा हा विषय केवळ कारागिरांचा नव्हे, घराघरांचा आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाना पेठ गाठली. ज्या पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबारायांची पालखी विसावते, त्याच पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तेथील एका वयोवृद्ध मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, पुढचे चाक उतरविले आणि आम्हांला जवळ बोलाविले. चाकाच्या आत ताटासारखी एक लोखंडी तबकडी होती. इंग्रजी पुस्तकांत तिला रोटर म्हणतात, आपल्याकडील कारागीर डिस्क म्हणतात. चाकाबरोबर ती फिरते, आणि आपण ब्रेक दाबला की कॅलिपर नावाची पकड दोन्ही बाजूंच्या पॅडांनी तिला चिमटीत धरते. धावणाऱ्या गाडीचा सारा आवेग त्या घर्षणात उष्णता होऊन जातो. बहुतेक पिकअप गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. थांबताना भार पुढे झुकत असल्याने श्रमाचा मोठा वाटा पुढच्या डिस्कवरच पडतो.

ते श्रम केवढे? वेग दुप्पट झाला की मोडावयाचा आवेग चौपट होतो. आणि भार घालून ३ टन झालेली गाडी २०० मीटर खोल उतरली व तिचे सारे ओझे ब्रेकवरच टाकले, तर निघणाऱ्या उष्णतेने साधारण २० लिटर पाणी उकळीस येईल. एक मोठा हंडाभर आधण! आम्ही हा अग्नी चाकात पेटवितो आणि वर बसून गप्पा मारतो.

आमच्या डिस्कच्या बाह्य कडेला बोटाला लागेल असा उंच काठ उभा राहिला होता. म्हणजे पॅड जेथे घासतात तो भाग तेवढा झिजून खोल गेला होता. पृष्ठावर चरे होते आणि अतितापाचे निळसर डाग होते. मिस्त्रींनी मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजली. ती सर्वत्र सारखी नव्हती. पट्टीची थरथर त्या विषमतेतून येत होती. आम्ही सहज म्हणालो, "लेथवर घासून सपाट करून द्या म्हणजे झाले." त्यांनी डिस्कवर ओतलेली बारीक अक्षरे पुसून दाखविली. याहून पातळ झाल्यास वापरू नये, ही मर्यादा कारखान्याने डिस्कवरच लिहिलेली असते. "बुवा, घासायला शिल्लक काय आहे?" ते म्हणाले. पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही, लवकर तापते, वाकते आणि अखेर तडकते. आधीच्या कारागिराने दोनदा पॅड बदलले होते, पण डिस्क एकदाही मोजली नव्हती. आणि आम्ही? आम्ही दरवर्षी खंडेनवमीस त्याच चाकावर हळदकुंकू वाहिले होते, त्याच चाकाखाली लिंबू ठेवले होते. चाकाच्या आत मात्र कधी पाहिले नव्हते.

त्याहून लाजेची गोष्ट पुढे निघाली. पॅडांवर तेलाचा अंश होता. गाडी सणाला चकचकीत दिसावी म्हणून धुणाऱ्याने चाकांवर तेल-डिझेलचा फवारा मारला होता, आणि तो मारावयास आम्हीच सांगितले होते! तेल प्यालेले पॅड पकडत नाहीत. म्हणून ते टाकूनच द्यावे लागले.

मिस्त्रींचे काम आम्ही शिष्यभावाने पाहिले. त्यांनी एका चाकाची नव्हे, समोरील दोन्ही चाकांच्या डिस्क आणि पॅड एकदमच बदलले. एकच बाजू नवी केली तर गाडी एकीकडे ओढते. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या तोंडावरचा गंज त्यांनी तारेच्या ब्रशाने खरवडला. तेथे गंजाचा कण राहिला तरी नवी डिस्क तिरपी बसते आणि पुन्हा थरथर सुरू होते. कॅलिपर त्यांनी तारेने टांगून ठेवला, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या साफ करून योग्य ते ग्रीस लावले. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने निपटून काढला. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, मापाच्या पान्याने आवळले. शेवटी गाडी हलविण्यापूर्वी पट्टी घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबून घेतली; कारण कॅलिपर मागे सारल्यावर पहिला दाब पोकळच जातो.

ब्रेक ऑइलही बदलले. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १४० अंशांवर उतरते. घाटात ते उकळले की नळीत वाफ होते आणि पट्टी हवेत गेल्यासारखी खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पालटावे. निघताना मिस्त्रींनी बजावले की पहिली दोनशे किलोमीटर करकचून ब्रेक लावू नये. मध्यम वेगावरून हळुवार, पुनःपुन्हा गाडी आवरावी, म्हणजे पॅड आणि डिस्क यांचे परस्परांशी जुळते. नवविवाहितांसही हाच उपदेश करावा असे आमच्या मनात आले!

वाचकहो, कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला प्रग्रह म्हणजे लगाम म्हटले आहे. अमरकोशाने सारथ्याची जी नावे दिली आहेत, त्यांत 'नियन्ता' हे एक आहे. नियन्ता म्हणजे आवरणारा. घोडे पळविणाऱ्याला हे नाव शोभत नाही. त्यांना आवरू जाणणाऱ्याला ते शोभते. रावणाजवळ पुष्पक विमान होते, वेगाची वाण नव्हती. वाण होती ती निग्रहाची.

म्हणून यंदा खंडेनवमीस आमची एक विनंती आहे. गाडी धुण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीकडून चाके उतरवून घ्यावीत. डिस्कची जाडी मोजावी. पॅडचे अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास आले असेल तर नवे घालावे. मागचे ड्रम आणि लायनरही पाहावेत. घाटातून तापून आलेल्या डिस्कवर लगोलग गार पाण्याचा पाइप सोडू नये, ती वाकते. चाकांवर तेल मारू नये. हळदकुंकू बॉनेटवर वाहावे, डिस्कवर नव्हे. आणि झेंडूची माळ चाकात लोंबेल अशी बांधू नये. वर्षभर घाट उतरताना, ज्या गिअरने चढावे त्याच गिअरने उतरावे. इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणे म्हणजे लगाम फेकून रथ हाकणे होय. इंजिनाचा आवर जातो आणि ब्रेकला मिळणारे बळही संपते. आणि देवाच्या कार्याला निघालो म्हणून क्षमतेहून अधिक भार घालू नये. भक्तीचे वजन काट्यावर येत नाही, पण शिध्याच्या पोत्यांचे येते.

आमची जुनी डिस्क आम्ही भंगारात दिली नाही. खंडेनवमीला टाळ, वीणा आणि पोथ्या मांडतो, त्या पाटावर तीही ठेवतो. पहिल्या वर्षी घरातील नातवाने विचारले, "आजोबा, हे कुठले शस्त्र?" आम्ही म्हणालो, "बाळा, याने कोणाला मारले नाही. झिजत झिजत यानेच आम्हांला त्या रात्री घाटाखाली घरी आणून सोडले."

तिच्यावर एक झेंडूचे फूल वाहून मगच आम्ही गाडीकडे वळतो. सर्व वाचकांचे सीमोल्लंघन सुखरूप होवो आणि सोने लुटून प्रत्येक जण वेळेवर घरी पोहोचो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.