हिपॅटायटिस सी : पेटीतली जुनी फाइल बाहेर काढा

१४ एप्रिल असो की ६ डिसेंबर, आपल्या वस्त्यांमध्ये रक्तदान शिबिरे होतात. गोळा झालेल्या रक्ताची रक्तपेढीत पाच आजारांसाठी तपासणी होते : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. त्यामुळे शिबिरानंतर एखाद्याला फोन येतो, ‘जरा येऊन भेटून जा.’ माणूस हबकतो, घरात कुणाला सांगत नाही आणि पुष्कळदा जातही नाही. अशा घरांसाठी हा लेख आहे. आणि ज्यांच्याकडे हिपॅटायटिस सीचा जुना रिपोर्ट पेटीच्या तळाशी पडून आहे, त्यांच्यासाठी तर खासच.

हिपॅटायटिस सी हा यकृताचा, म्हणजे लिव्हरचा, विषाणूमुळे होणारा आजार. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तो अंगात शिरला तरी वीस-तीस वर्षे फारसा त्रास देत नाही. डोळे पिवळे होतीलच असे नाही. म्हणून कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन, गळ्यात माळ घालून काही साधत नाही. माणूस कंपनीत पाळ्या करत राहतो, बाई चार घरची धुणीभांडी करत राहते आणि आतल्या आत लिव्हर खराब होत जाते. पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, की मग कळते. काहींना लिव्हरचा कॅन्सरही होतो.

जुना उपचार कसा होता

वॉर्डात नोकरी करताना आम्ही तो जवळून पाहिला आहे. इंटरफेरॉनचे इंजेक्शन दर आठवड्याला, शिवाय रोज रिबाविरिनच्या गोळ्या. हे २४ आठवडे, काहींना तर ४८ आठवडे. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावे लागे आणि त्याची किंमत हजारांत. टोचले की हुडहुडी भरून ताप, अंग मोडून येणे. पुढे केस गळायचे, रक्त कमी व्हायचे, मन इतके खचायचे की काहींच्या डोक्यात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत. रोजंदारीवरच्या माणसाने वर्षभर हे कसे सोसायचे? एवढे सोसूनही विषाणूच्या प्रकारानुसार अर्ध्या ते पाऊण रुग्णांनाच गुण यायचा. ज्यांनी तेव्हा ‘नको’ म्हटले किंवा उपचार मध्येच सोडला, त्यांना दोष देता येत नाही. पण त्यांना आज आम्ही आवर्जून सांगतो, तो उपचार आता इतिहासजमा झाला आहे.

आता ८४ दिवसांच्या गोळ्या

विषाणू लिव्हरमध्ये स्वतःच्या नकला काढत वाढतो. नव्या गोळ्या नेमके तेच काम बंद पाडतात. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर अशी दोन औषधे रोज एकदा, १२ आठवडे घ्यायची. इंजेक्शन नाही. शंभरातले ९५ किंवा त्याहून जास्त रुग्ण बरे होतात. थोडी डोकेदुखी, थकवा जाणवतो. बहुतेकांना कामावर जाता येते. लिव्हर आधीच कडक झाले असेल तर डॅक्लाटासविरऐवजी वेलपाटासविर देतात आणि काहींचा कोर्स २४ आठवड्यांचा होतो. बाकीच्यांना हे एका वर्षावासापेक्षाही कमी दिवस आहेत.

औषध निघणे वेगळे आणि ते गरिबाच्या हातात पडणे वेगळे. पेनिसिलिन देशातच बनावे म्हणून १९५४ साली एच.ए. कंपनी उभी राहिली, त्या पिंपरीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. सोफोसबुविरला डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली तेव्हा एका गोळीची किंमत एक हजार डॉलर होती, पूर्ण कोर्सची ८४ हजार डॉलर. २०१५ मध्ये भारतीय कंपन्यांनी त्याच गोळ्या बाजारात आणल्या आणि २८ गोळ्यांची बाटली वीस हजार रुपयांच्या आत आली. पुढे किंमत आणखी उतरली. पंजाब सरकारने २०१६ मध्ये हा उपचार मोफत केला. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांतून तपासणी व औषध मोफत देण्याचे धोरण देशभर आले. ही कुणाची मेहेरबानी नाही. हक्काने मागा.

तपासणी कुणी करावी

हा आजार रक्तातून पसरतो. एकच सुई अनेकांना टोचणे, न उकळलेली अवजारे, जत्रेतले गोंदण, न्हाव्याकडचे तेच ते ब्लेड, डायलिसिस, नशेची इंजेक्शने. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी किंवा त्याआधी रक्त चढवलेल्यांनीही तपासून घ्यावे. दवाखान्यातल्या मावशी-मामा, सफाई कामगार, कचरावेचक यांना कचऱ्यातली सुई टोचण्याचा धोका रोजचाच. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बीवर लस आहे, सीवर अजून नाही.

पहिली तपासणी अँटिबॉडीची. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असे नाही. व्हायरल लोडच्या तपासणीत विषाणू सापडला तरच उपचार. दापोडीकरांनी औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून गाठावे आणि हिपॅटायटिस कार्यक्रमाची चौकशी करावी. संत तुकारामनगरच्या वायसीएममध्ये उपचार चालू असतील तर तिथल्या डॉक्टरांना विचारावे. जुनी फाइल सोबत न्या.

टीबीची, हृदयाची किंवा पित्ताची गोळी चालू असेल, पोटात बाळ असेल, तर आधी सांगा. औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका. गावी जाताना बाटली पिशवीत घाला. दारू बंद. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करा. तेव्हा विषाणू सापडला नाही, की तुम्ही बरे झालात. अँटिबॉडी मात्र जन्मभर पॉझिटिव्ह राहते. त्याने घाबरू नका, फक्त रक्तदान करू नका. लिव्हर कडक झालेले असेल तर बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी. आजार पुन्हा जडू शकतो, म्हणून सुई आणि ब्लेड नवेच वापरा.

शेवटी घरच्यांसाठी. हा आजार एका ताटात जेवल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने होत नाही. दाढीचे ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. रुग्णाचा पेला वेगळा काढू नका. वेगळा पेला काय असतो, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. तो आपल्याच घरात, आपल्याच माणसासमोर ठेवायचा नाही.