मुक्या राखणदाराची तहान

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरचा व्यवसाय मेंढपाळीचा. दिवाळीनंतर माण तालुक्यातून मेंढरे घेऊन आम्ही कोकणात उतरतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घाट चढून परत येतो. नव्या कुत्र्याचे शिक्षण याच वाटेवर होते. कळपामागे राहणे, कोकरांना न डिवचणे, रात्री वाघरीभोवती राखण करणे, हे सारे तो चालता चालता शिकतो.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात आमचा दहा महिन्यांचा मोत्या असाच शिकत होता. "वाटंत पाणी पाजलं की कुत्रं सुस्तावतं," असे आबा म्हणत, आणि मीही तेच खरे मानी. भर दुपारी घाटात मोत्या अडखळला, ओकला आणि खाली बसला. घाबरून मी त्याच्या तोंडात पाणी ओतले. दिवस मावळायच्या आत तो गेला. आपले कोठे चुकले, हे पुढे जनावरांच्या डॉक्टरांकडून व वाचनातून कळले. तेच येथे मांडतो.

माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. त्याने अंग फारसे निवत नाही. त्याची सारी भिस्त धापेवर. जीभ, तोंड व नाक यांतील ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर जाते. म्हणजे प्रत्येक धापेला अंगातले पाणी खर्च होते. हवा दमट असली तर ओलावा लवकर उडत नाही आणि धापा टाकूनही उष्णता आतच राहते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या वर गेले की जिवावर बेतते.

वीस किलो वजनाच्या कुत्र्याला विश्रांतीच्या दिवशीही साधारण एक लिटर पाणी लागते. उन्हात काम असेल तर दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. मात्र ते एकदम पाजू नये. निघण्यापूर्वी आणि मग प्रत्येक थांब्यावर थोडे थोडे द्यावे. कोरड्या भाकरीऐवजी पाण्यात भिजवलेली भाकरी द्यावी. चव असलेले पाणी कुत्रे जास्त पितात, असे २०१७ साली अमेरिकेत उन्हात काम करणाऱ्या शोधक श्वानांवरील प्रयोगात दिसून आले.

पण नुसत्या पाण्याने भागत नाही. शिकवणी पहाटे व सांजवेळी घ्यावी, सावलीत विसावा द्यावा. हिरड्या चिकट होणे, लाळ घट्ट होणे, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू परतणे, ही पाणी कमी पडल्याची लक्षणे. कुत्रे झोकांड्या खाऊ लागले तर उष्माघात समजावा. सावलीत नेऊन सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. अंगावर ओले पोते पांघरून ठेवू नये. त्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. मी नेमके तेच केले होते.

आता आमच्या घोड्यावर पाण्याचा एक कॅन जास्त असतो. थांबा आला की आबा स्वतः आधी कुत्र्यापुढे थाळी ठेवतात. मोत्याचे नाव मात्र ते काढत नाहीत. मीही काढत नाही.

— द्वितीय वर्ष कला